सावडीतला धूर

"सहा टन!"

ज्योत्स्नानं आकडा सांगितला आणि शेडमध्ये बसलेल्या चाळीस-पंचेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. सहा टन म्हणजे जास्त की कमी, हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. पण पोरीनं तो असा ठणकावून सांगितला, की टाळ्या वाजवण्यासारखंच काहीतरी असणार, असं सगळ्यांना वाटलं.

"सहा टन काय वं? हयद?" मागून कोणीतरी हळद समजून विचारलं.

"हयद नाई, धूर!" ज्योत्स्ना म्हणाली. "आपल्या कंपनीनं या हंगामात हवेत सोडलेला कार्बन. डिझेलचा, विजेचा, सगळा धरून."

"अन् धूर तोलला कशावर? कापसाच्या काट्यावर?"

शेड हसली. ज्योत्स्नाही हसली. एक वर्षापूर्वी असा प्रश्न आला असता तर ती ओढणीचं टोक चावत खाली बसली असती. वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. पण या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनाला तिच्या गटातली बोलणारी पोरगी तापानं पडली, आणि वाशिमला अडीचशे माणसांपुढं ज्योत्स्नाला उभं राहावं लागलं. पहिल्या मिनिटाला पाय कापले. पाचव्या मिनिटाला तिला कळलं, की लोक खरंच ऐकताहेत. त्या दिवसापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटलंच नाही, असं तिचे बाबा इंद्रभान म्हणायचे, आणि ते तक्रारीच्या सुरात म्हणताना छाती दोन इंच पुढं काढायचे.

कंपनी म्हणजे 'सोनकांडी शेतकरी उत्पादक कंपनी'. रिसोडपासून बारा किलोमीटरवरच्या धामणवाडीतले आणि शेजारच्या तांड्यातले मिळून एकशे बारा शेतकरी तिचे मालक. अध्यक्ष पंचफुलाबाई, म्हणजे ज्योत्स्नाची मोठी माय, थोरली काकू. सगळे आपली ओली हळद इथं आणतात, मोठ्या बॉयलरच्या वाफेवर ती शिजते, उन्हात वाळते, मग लोखंडी ड्रममध्ये फिरून फिरून तिचं साल निघतं आणि ती सोन्यासारखी चकाकते. आतापर्यंत ही हळद जवळच्या बाजारात जायची. यंदा मात्र पुण्याच्या एका निर्यातदारानं तिचा नमुना युरोपातल्या एका मसालेवाल्याला दाखवला, आणि तिकडून निरोप आला: हळद झकास आहे, पण ती तयार करताना तुम्ही किती हरितगृह वायू सोडता, त्याचा अहवाल द्या. तपासलेला अहवाल असेल तरच माल घेऊ.

कंपनीच्या कार्यालयात त्या पत्रावर दोन दिवस नुसतीच चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी मोठी माय म्हणाली, "आपली ज्योत्स्ना काय करून राह्यली सुट्टीत? अकरावी सायन्स हाय नं थे?"

झालं. ज्योत्स्नानं मोबाइलवर मार्गदर्शक पुस्तिका उतरवून घेतली, ती तीन वेळा वाचली, आणि एक जाड फाइल केली. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, भाड्याच्या ट्रकच्या पावत्या, विजेची बिलं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे दोन किलो सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. विजेच्या एका युनिटला सातशे ग्रॅमच्या वर थोडा. गुणाकार, बेरीज. बॉयलरमध्ये जळणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या-तुरीच्या वाळक्या काड्यांचा हिशेब तर फारच गमतीचा होता. त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळ्या रकान्यात लिहायचा, एकूण बेरजेत धरायचाच नाही. कारण कपाशीनं तो गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, जळल्यावर तो परत जातो.

"म्हंजे जो धूर डोयात जाते तो मोजायचा नाई," इंद्रभान म्हणाले, "अन् जो दिसत नाई तो मोजायचा? भारी हाय बा तुह्यं सायन्स."

तर अशी ती सहा टनांची गोष्ट. गुरुवारी पुण्याहून रंजीता मॅडम तपासणीला येणार होत्या. निर्यातदाराच्या माणसानं फोनवर हळूच सांगितलं होतं, की दुसऱ्या एका कंपनीचा अहवालही आलाय आणि त्यांचा आकडा साडेसात आहे. माल तेवढाच. मोठी माय त्या दिवसापासून जमिनीवर चालतच नव्हती.

सोमवारी सकाळी ज्योत्स्ना अहवालासाठी फोटो काढायला शेडवर गेली. बॉयलरचा फोटो झाला. वाळवणाच्या ओट्याचा झाला. मग ती ड्रमजवळ आली. ड्रम घडघड घडघड फिरत होता, पिवळी धूळ उडत होती, आणि बाजूला तांड्यातल्या दौलतसिंगचा निळा ट्रॅक्टर उभा राहून मागच्या दांड्यानं तो ड्रम फिरवत होता.

तिनं मोबाइल वर धरला. आणि तसाच धरून ठेवला.

ड्रमला मोटर नव्हती. कधीच नव्हती. हंगामभर तो कोणाच्या ना कोणाच्या ट्रॅक्टरवर फिरत होता. आणि तिच्या जाड फाइलमध्ये ट्रॅक्टरच्या डिझेलची एकही पावती नव्हती.

पण आता ती गप्प बसणारी ज्योत्स्ना नव्हती. ती सरळ ट्रॅक्टरपाशी गेली.

"दौलतकाका, याच्यात डिझेल कोनाचं?"

"माह्यं. अजून कोनाचं राहीन?"

"मंग कंपनीच्या कामाले किती लिटर गेलं आतापरेंत? सांगा, लिवून घेतो. पावत्या असल्या तं लय बरं."

दौलतसिंगनं कानावरचा रुमाल मागं सारला. आपण बरोबर ऐकलं ना, हे पाहिलं. "पावत्या?"

"हो ना. म्हंजे आकडा बरोबर..."

"पोरी, माह्या घराचा स्लॅब पडला तवा तुह्या बापानं दोन दिवस गिट्टी वाह्यली. त्याची पावती मागतली का मी? तुह्या मोठ्या मायनं माही हयद सगळ्याइच्या अगुदर शिजवून देल्ली, आभाय भरून आलतं म्हनून. लिवून ठेवलं का तिनं? हे सावड हाय. आज मी तुह्याकडं, उद्या तू माह्याकडं. सावडीचं कोनी मोजते? मोजलं का मंग ते मजुरी होते."

"काका, तसं नाई, धुरासाठी..."

"मजुरच पाह्यजे असन तं रिसोडच्या चौकात लय भेटते म्हना."

त्यानं ट्रॅक्टर बंद केला. दांडा सोडवला, घडी न करता ताडपत्री मागं टाकली आणि तो निघून गेला. ड्रम दोन गरके स्वतःच्याच जोरावर फिरला आणि थांबला. आत अर्धी घासलेली हळद तशीच. ओट्यावर अजून एकोणीस क्विंटल.

दुपारपर्यंत ही बातमी धामणवाडीत, तांड्यात आणि मधल्या पाणंदीत पोचली. पंचफुलाच्या पुतणीनं दौलतसिंगला डिझेलचा हिशेब मागितला! संध्याकाळी ज्याचा नंबर होता तो ट्रॅक्टरही आला नाही. "माहा पंप बिघडला," असा निरोप आला. त्याचा पंप बिघडला नव्हता.

मोठी माय कार्यालयात पंख्याखाली बसली होती. पंखा चालू असून घामाघूम.

"काय गरज होती तुले?"

"मोठी माय, आपला आकडा चुकला. ड्रमचं डिझेल धरलंच नाई मी. अन् रिसोडच्या फेऱ्या? त्याबी लोकाइच्याच ट्रॅक्टरवर. त्याबी नाई धरल्या."

"बिल हाय त्याचं?"

"नाई."

"मंग? बिल नाई तं धूर नाई."

"असं कसं! धुराले काय बिल लागते का?"

मोठ्या मायला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "हे पाय. त्या दुसऱ्या कंपनीचा साडेसात हाय. तू धरशीन हे सगळं, तं आपला किती होईन?"

ज्योत्स्नानं मनातल्या मनात अंदाज केला. "आठाच्या वर. नऊबी होईन कदाचित."

"अन् मंग युरोपवाला हयद कोनाची घेईन?"

ज्योत्स्नानं फाइल मिटून पोटाशी धरली.

"एकशे बारा घरं हायेत, बाई. तुले खरं सांगायचं असन तं सांग, मी तुह्यं तोंड धरत नाई. पन मंग त्याच जागी उभी राहून सांग सगळ्याइले, का मी चुकलो. जिथं उभी राहून टाळ्या घेतल्या तिथंच."

हे मात्र ज्योत्स्नाला वर्मी लागलं. परदेशातल्या माणसाला नऊ सांगायला तिची तयारी होती. धामणवाडीला 'मी चुकले' सांगायची नव्हती. आत्ता कुठं लोक तिला नावानं ओळखायला लागले होते! आणि समजा चुकले म्हणून सांगितलंच, तरी खरा आकडा आणायचा कुठून? ज्याला विचारायचं तोच रुसून बसला होता.

ती चालत चालत शेडमागच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेली. तिथं तांड्यातल्या रुखमाबाई बसल्या होत्या. सावडीला आलेल्या माणसाला जेवू घालायचं, ही कंपनीची रीत. ट्रॅक्टर घेऊन जो येईल त्याला रुखमाबाईंच्या हातची भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा. आज ताटावर बसणारं कोणी नव्हतं. टोपल्यात भाकरी गार होत होत्या.

"बस. खा," रुखमाबाई म्हणाल्या. "तुह्याच किरपेनं उरल्या."

"मावशी, तुमीबी?"

"मंग काय करू? दौलतले मी लहानपनापासून पाह्यतो. चार भाकरी खाते अन् एक बांधून नेते. त्याले काय इचारलं तू? का किती देल्लं. असं इचारते का कोनी? देनाऱ्याले लाज वाटते ना बाई सांगाची."

ज्योत्स्ना भाकर मोडत होती. "मंग कोनाले इचारू?"

"घेनाऱ्यानं सांगावं. त्यानं काय देल्लं ते नको इचारू. आपुन काय घेतलं ते सांग."

"पन आपुन किती घेतलं ते कोनाले ठाव हाय?"

रुखमाबाईंनी चुलीतलं कोलीत हलवलं आणि हनुवटीनं भिंतीकडं खूण केली.

ती भिंत ज्योत्स्नानं शंभरदा पाहिली होती. धुरानं काळपट झालेली, आणि तिच्यावर कोळशाच्या रेघाच रेघा. तिला आजवर वाटायचं, कोणा लेकरानं गिरवलंय.

"पीठ येते घराघरातून, पाळीनं," रुखमाबाई म्हणाल्या. "त्या पिठातून कोन अन् किती जन जेवले ते ध्यानात राहाले पाह्यजे ना? नाईतं भांडनं. ही उभी रेघ म्हंजे ड्रमवरचा मानूस, इथं बसून जेवला. ही तिरपी म्हंजे माल घेऊन रिसोडले गेला, भाकर बांधून नेली. वर निशानी हाय ते जेवनाऱ्याच्या घराची, अन् दिवस सरला का खाली एक टिपका."

ज्योत्स्नाच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती उठली आणि नाचली. खरोखर नाचली, ठेच्याचा हात तसाच घेऊन.

"उष्ट्या हातानं भिंतीले हात लावू नको!" रुखमाबाई ओरडल्या.

उभ्या रेघा एकतीस. तिरप्या बावीस. ज्योत्स्नानं तीनदा मोजल्या, फोटो काढले. आता एका तासाला ड्रम किती डिझेल खातो, एवढंच पाहायचं राहिलं. मंगळवारी तिनं बाबांचा ट्रॅक्टर लावला. टाकी गळ्यापर्यंत भरली, मोबाइलमध्ये गजर लावला, तासभर ड्रम फिरवला. मग लिटरच्या मापानं ओतत ओतत टाकी पुन्हा गळ्यापर्यंत आणली. साडेतीन लिटर.

"पंचेचाळीस घोड्याचा ट्रॅक्टर हाय हा," इंद्रभान घाम पुसत म्हणाले. "ह्या ड्रमले पाच घोडे लय झाले. उरलेले चाळीस नुसते हिनहिनून राह्यले."

"बाबा! पुन्हा म्हना!"

"काय?"

"काही नाई," ज्योत्स्ना म्हणाली आणि वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

रिसोडची एक फेरी बारा लिटर, हे तिनं तशाच प्रकारे काढलं. रोजचे ड्रमचे तास सात. एक हजार तेवीस लिटर, थोडे जास्तच. अहवालात आणखी दोन टन सातशे किलो. म्हणजे एकूण आठ टन सातशे. बेरीज पुन्हा केली तर कमी होईल, अशी आशा धरून तिनं ती पुन्हा केली. झाली नाही.

गुरुवारी रंजीता मॅडम आल्या. उन्हानं लाल झालेल्या, पायात बूट, खांद्यावर एक पिशवी. त्यांनी शेड पाहिली, बॉयलर पाहिला, बंद पडलेल्या ड्रमभोवती एक चक्कर मारली आणि काही न बोलता येऊन बसल्या. सगळे सभासद जमले होते. दौलतसिंगही आला होता, पण आत नाही. फाटकाशी, मोटरसायकलवर, एक पाय जमिनीवर टेकवून. लगेच निघता यावं म्हणून.

मोठ्या मायनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. सांग म्हणाली नाही, नको सांगू असंही म्हणाली नाही.

ज्योत्स्ना त्याच जागी उभी राहिली.

"गेल्या खेपेला मी सहा टन सांगितलं," ती म्हणाली. "ते चुकलं. चूक माही."

टाळ्या नाहीत. एक खोकला तेवढा ऐकू आला. प्रदर्शनात कापले होते त्यापेक्षा आता पाय जास्त कापत होते. पण तिला एक गोष्ट ठाऊक झाली होती, की पाय कापत असतानाही बोलता येतं.

"मी नुसत्या पावत्या मोजल्या. जे इकत घेतलं तेच मोजलं. आपल्या कंपनीनं जे फुकट घेतलं, ते राहूनच गेलं. ते आता वाचतो. कोनी किती देल्लं ते मी इचारलं नाई, इचारनारबी नाई. हे आपुन घेतलेलं हाय."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. अमक्या घराकडून ड्रमचे चार दिवस. तमक्याकडून तीन दिवस आणि रिसोडच्या दोन फेऱ्या. नाव आलं की त्या माणसाची मान थोडी खाली जायची आणि बाजूची बायको त्याला कोपरानं ढोसायची. कोणी रागावलं नाही. उलट शेड अशी चिडीचूप झाली होती, जसं काही सत्कार चालू आहे.

"दौलतसिंगकाका. ड्रमचे नऊ दिवस. रिसोडच्या फेऱ्या सहा. सगळ्याइत जास्त. एवढं आपुन त्याइच्याकडून घेतलं."

फाटकाकडं सगळ्यांच्या माना वळल्या.

दौलतसिंग मोटरसायकलवरून उतरला. स्टँड लावला. आत आला, हात मागं बांधून.

"चुकलं," तो म्हणाला.

ज्योत्स्नानं कागदावरून मान वर केली.

"फेऱ्या सहा नाई, सात. अनसिंगले बारदान आनाले गेलतो मी, ते कुठी हाय? त्या दिवशी भाकर नाई बांधली, हॉटेलात खाल्लं. म्हनून रुखमाची रेघ नाई. लिव."

शेडमध्ये हास्याचा असा फवारा उडाला की वाळवणावरच्या चिमण्या उडाल्या. आणि मग जे सुरू झालं ते आवरता आवरेना. "माह्या शेतातून पऱ्हाटी आनली त्या तीन खेपा लिव!" "जनरेटर बंद पडलता तवा माहा इंजन लावलता, दोन दिवस!" "माहा तं टेम्पो होता, त्याचं वेगळं असते का वं?" ज्योत्स्ना लिहीत होती, खोडत होती, "एक एक जन बोला, बापा!" म्हणून ओरडत होती. आकडा वर वर चालला होता आणि माणसं खूश होत होती. मोठ्या मायनं कपाळावर हात मारला, पण हसत.

रंजीता मॅडमनी भिंत स्वतः जाऊन पाहिली. बराच वेळ. मग विचारलं, "तांड्याच्या खुणेच्या रेघा मार्चच्या शेवटी तीन दिवस दिसत नाहीत. का?"

"रामनवमी होती ना," रुखमाबाई म्हणाल्या. "सगळा तांडा पोहरादेवीच्या जत्रेले. मी कोनाले जेवू घालू, भुताले?"

मॅडमनी कॅलेंडर उघडलं, तारखा पाहिल्या आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "ज्योत्स्ना, ड्रमला मोटर नाही हे मी आल्या आल्या पाहिलं होतं. ट्रॅक्टरशिवाय तो फिरतो तरी कसा, हाच माझा पहिला प्रश्न असणार होता. सहा टनांचा अहवाल मी परतच पाठवला असता."

"अन् आता?" मोठ्या मायनं विचारलं.

"आता सही करेन. शेवटची बेरीज झाली की. माल कोणाचा घ्यायचा ते मी ठरवत नाही. पण खरेदीदार नुसता लहान आकडा शोधत नसतो, बाई. पुढच्या वर्षी तो कुठून कमी होईल, हे त्याला पाहायचं असतं. ते दाखवायला आधी तो कुठून येतो ते कळावं लागतं."

ज्योत्स्नानं वही उघडली आणि बाबांचं चाळीस घोड्यांचं वाक्य मॅडमना वाचून दाखवलं. इंद्रभान लाजून बॉयलरमागं गेले.

शेवटची बेरीज नऊ टन दोनशे निघाली. अहवाल गेला. त्यासोबत एक पानभर योजनाही गेली: ड्रमला पाच घोड्याची विजेची मोटर, आणि रिसोडच्या फेऱ्या अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीनं न करता दोन घरांचा माल एकत्र. सोळा दिवस काही उत्तर आलं नाही. मोठी माय दिवसातून तीनदा ज्योत्स्नाचा मोबाइल तपासायची. सतराव्या दिवशी निर्यातदाराचा फोन आला. युरोपवाला पहिली खेप दोघांकडून अर्धी अर्धी घेणार होता. पुढच्या हंगामाचं त्याचं नंतर ठरणार होतं, आकडे पाहून.

"अर्धी?" मोठी माय म्हणाली. "अर्धी तं अर्धी. सुरुवात तं झाली."

मोटर आली त्या सकाळी दौलतसिंग हजर होता. ट्रॅक्टर न आणता, पायी. ज्या जागी त्याचा ट्रॅक्टर उभा राहायचा तिथं मोटर बसणार होती. तो त्या जागेकडं बराच वेळ पाहत उभा राहिला. ज्योत्स्नाला वाईट वाटलं.

"काका, तुमाले राग तं नाई ना आला?"

"कायचा राग? पाया किती खोल घेऊन राह्यला तुहा बाप?"

"दीड फूट म्हनते."

"दीड फूट!" दौलतसिंगनं कपाळाला आठ्या घातल्या. "ए इंद्रभान! अरे काया मातीत दीड फुटाचा पाया कोनी घेते का? पहिल्या पान्यात मोटर नाचंन तुही. आन ते टिकास इकडं."

"दौलत, कागदावर दीडच लिवलं हाय..."

"कागदाले काय मालूम आपली माती?"

आणि त्यानं बाह्या वर सारल्या, इंद्रभानच्या हातातलं टिकास घेतलं आणि पहिला घाव घातला.